शॉवर वगळून ‘सायको’

‘फाइंडिंग नीमो’मध्ये डेंटिस्टची भाची डार्ला पहिल्यांदा आत येते तेव्हा मागे व्हायोलिनं किंचाळतात. दातांना तारा लावलेली एक लहान मुलगी, आणि तिला बघून फिशटँकमधल्या माशांची पाचावर धारण बसते. २००३ सालचा हा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना टीव्हीवर पाहिला. तेव्हा आल्फ्रेड हिचकॉक हे नाव कुणाच्या गावीही नव्हतं. तरीही ते सूर ऐकल्यावर आता काहीतरी भयंकर होणार आहे, आणि त्यावर हसायचंही आहे, हे कुणी न सांगता कळलं.

‘सायको’ (१९६०) हा अशा तऱ्हेने न बघताच बघून झालेला सिनेमा आहे. मूठ वळून हात वरखाली करत ‘ईं ईं ईं’ असा आवाज काढला की काम झालं. शॉवरचा पडदा, त्यामागची सावली, सुरा, किंकाळी, पाण्याबरोबर जाळीत वाहून जाणारं रक्त. एकशे नऊ मिनिटांच्या सिनेमाचा थंबनेल झालाय, आणि तो इतका चोख आहे की मूळ फाइल उघडायची गरज कुणाला वाटत नाही. माझ्या कामात याला लॉसी कॉम्प्रेशन म्हणतात. फोटोचा आकार कमी करताना डोळ्याला ज्याची उणीव जाणवणार नाही अशी माहिती फेकून द्यायची आणि उरलेल्यातून चित्र उभं करायचं. ‘सायको’च्या बाबतीत काय फेकलं गेलं आणि त्याची उणीव जाणवणार नाही हे कुणी ठरवलं, हे मला बघायचंय.

(स्पॉइलर आहेत. गंमत म्हणजे, हा सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही असा हिचकॉकचा दंडक होता. तशा सूचनांचे फलक लॉबीत लागले होते. पुढे काय होणार हे माहीत नसण्यावर ज्याची सगळी भिस्त, तोच सिनेमा आज काहीच माहीत नसताना बघणं जवळपास अशक्य झालंय.)

थंबनेलमधून सगळ्यात आधी गेली ती मॅरियन क्रेन. त्या पडद्यामागे कोण होतं हे आसपास विचारून बघा. ‘कुणीतरी बाई’ असं उत्तर येईल. फार तर ‘जॅनेट ली’. पण सिनेमाचा पहिला पाऊण तास पूर्णपणे मॅरियनचा आहे. फिनिक्स शहरातल्या एका रिअल इस्टेट ऑफिसात दहा वर्षं सेक्रेटरी म्हणून राबलेली ही बाई. प्रियकर सॅम लूमिस घटस्फोटित. वडिलांचं कर्ज आणि पोटगी यांत अडकल्यामुळे लग्नाचं नाव काढत नाही, आणि मॅरियन त्याला जेवणाच्या सुट्टीत स्वस्तातल्या हॉटेलात भेटून कंटाळलीये. शुक्रवारी दुपारी एक दारूने डोळे जड झालेलं गिऱ्हाईक तिच्या टेबलावर रोख चाळीस हजार डॉलर ठेवतं. ते बँकेत भरायचे सोडून ती पळते. वाटेत पोलीस, मग सेकंडहँड गाड्यांचा दुकानदार, मग पाऊस. गाडी चालवताना तिच्या डोक्यात लोकांचे आवाज घुमत राहतात. सोमवारी ऑफिसात काय बोलणं होईल, ती मनातल्या मनात ऐकत असते. दर दहा मिनिटांनी मेल रिफ्रेश करणाऱ्या कुणालाही ही धास्ती ओळखीची वाटेल.

मग बेट्स मोटेल, आणि काउंटरमागचा लाजरा नॉर्मन. मॅरियन सँडविच खाते आणि दोघं बोलतात. माणूस आपापल्या सापळ्यात कसा अडकतो, असं काहीतरी नॉर्मन सांगतो, आणि ते ऐकता ऐकता मॅरियनचं ठरतं की परत जायचं, पैसे परत करायचे. खोलीत येऊन ती कागदावर हिशोब मांडते. चाळीस हजारातून गाडीपायी गेलेले सातशे वजा, राहिले ३९,३००. कागद फाडते, टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करते. मगच शॉवर सुरू होतो. पाणी अंगावर पडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघा. दोन दिवसांत पहिल्यांदा ती सैल झालेली असते. ज्या बाईचा खून होतो तिने थोड्या वेळापूर्वीच सुधारायचं ठरवलेलं आहे, आणि सिनेमाला त्याची काडीची पर्वा नाही. १९६०च्या प्रेक्षकाला यातलं काय जास्त झोंबलं असेल, सुरा की ही बेपर्वाई? मला दुसऱ्याची शंका जास्त येते.

यातलं काही विनोदात मावत नाही, आणि ते मावावं अशी माझी अपेक्षाही नाही. मेल ब्रूक्सच्या ‘हाय अँग्झायटी’त (१९७७) शॉवरमध्ये खुद्द ब्रूक्स उभा असतो. हॉटेलातला वैतागलेला पोऱ्या त्याला सुऱ्याऐवजी गुंडाळी केलेल्या वर्तमानपत्राने भोसकतो, आणि जाळीत रक्ताऐवजी शाई वाहून जाते. हिचकॉकला हे इतकं आवडलं की त्याने ब्रूक्सला वाइनची पेटी पाठवली. हा अव्वल विनोद आहे, कारण मूळ प्रसंगातल्या एकेका शॉटला तो जागतो. उलट ‘लूनी ट्यून्स : बॅक इन अॅक्शन’मध्ये (२००३) बग्ज बनी जाळीत चॉकलेट सिरप ओततो. ‘सायको’ कृष्णधवल असल्यामुळे शूटिंगला रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, ही क्विझमध्ये विचारली जाणारी माहिती. म्हणजे इथे संदर्भ सिनेमाचाही उरलेला नाही, सिनेमाबद्दलच्या ट्रिव्हियाचा झालाय.

‘द सिम्पसन्स’ने १९९० साली जे केलं ते माझ्या मते या सगळ्या नकलांत हुशार आहे. होमर घरात सुतारकाम करत असतो. चोखणी तोंडात असलेली मॅगी येते आणि त्याच्या डोक्यात हातोडा घालते. तेच शॉट, तीच व्हायोलिनं, पडता पडता ओढलेलं कापड, रक्ताच्या जागी सांडलेला लाल रंग. इतपत कुणीही केलं असतं. पण बाळाने हातोडा घालायचं शिकलं कुठून? टीव्हीवरच्या ‘इची अँड स्क्रॅची’ या हिंसक कार्टूनमधून. त्यावरून मार्ज कार्टूनमधल्या हिंसेविरुद्ध आंदोलन उभारते आणि अख्खा भाग त्यावर चालतो. पडद्यावरचं बघून बाळ नक्कल करतं म्हणून चिडलेल्या आईची गोष्ट, आणि ती सांगणारी मालिका स्वतः तीस वर्षं जुन्या पडद्यावरचं बघून नक्कल करतेय. संदर्भ नुसता चिकटवलेला नाही, तो कथेच्या पोटात आहे.

भयपटांच्या घराण्यात तर हा नात्यागोत्याचाच मामला झाला. ‘हॅलोवीन’च्या (१९७८) डॉक्टरचं नाव सॅम लूमिस, आणि त्यात नायिका जेमी ली कर्टिस, म्हणजे जॅनेट लीची मुलगी. ‘स्क्रीम’मधल्या (१९९६) एकाचं आडनाव पुन्हा लूमिस. ‘कॅरी’तल्या शाळेचं नाव बेट्स हायस्कूल. २०१५ साली ‘स्क्रीम क्वीन्स’ या मालिकेत जेमी ली कर्टिस स्वतः शॉवरमध्ये उभी राहिली, आईच्याच फ्रेममध्ये, आणि हल्लेखोर आला तेव्हा तयारीत होती. तो सिनेमा आपण पन्नासेक वेळा पाहिलाय असं त्याला ऐकवते. टाळी घेणारी जागा आहे, मीही दिली. या यादीत खरा वारसा मात्र ‘स्क्रीम’चा आहे, आणि तो आडनावामुळे नाही. पोस्टरवर ड्रू बॅरिमोर ठेवायची आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तिला मारून टाकायचं, ही मॅरियनची युक्ती आहे. एक व्हायोलिन न वाजवता त्यांनी ‘सायको’ची रचना उचलली. नावं उचलणं सोपं असतं, रचना उचलायला सिनेमा समजावा लागतो.

आता काही न फेकता, बिट-टू-बिट कॉपी केली तर? तेही करून झालंय. १९९८ साली गस व्हॅन सँटने ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट ठेवून पुन्हा बनवला. रंगीत, नवे नट, आणि महागाई धरून चाळीस हजारांचे चार लाख डॉलर. बर्नार्ड हरमनचं संगीतही तेच. सिनेमा लोकांनी झोडपला. मला तो एका ठिकाणासाठी महत्त्वाचा वाटतो. शॉवरच्या आधी नॉर्मन भिंतीवरचं चित्र बाजूला करून भोकातून मॅरियनला कपडे काढताना बघतो. हिचकॉक बाजूने त्याचा डोळा दाखवतो, पडदाभर मोठा, आणि दुसऱ्या क्षणी त्या भोकातून त्याला दिसतंय ते आपल्याला दाखवतो. भोकाला डोळा आपणही लावलेला असतो. व्हॅन सँट इथे आवाजावरून स्पष्ट करतो की नॉर्मन हस्तमैथुन करतोय. एवढीच भर, पण तिने प्रसंग मोडतो. घाण सगळी नॉर्मनच्या अंगावर जाते आणि प्रेक्षक नामानिराळा होतो. मूळ सिनेमात ती सोय नव्हती.

ग्लासगोचा कलावंत डग्लस गॉर्डनने १९९३ मध्ये उलटं टोक गाठलं. ‘२४ अवर सायको’ या कलाकृतीत त्याने सिनेमा न कापता इतका संथ केला की तो संपायला पूर्ण दिवस लागतो, आणि आवाज काढून टाकला. हिशोब केला तर सेकंदाला चोविसाच्या जागी जेमतेम दोन फ्रेम येतात, आणि तीन मिनिटांचा शॉवर चाळीस मिनिटं चालतो. डॉन डिलिलोच्या ‘पॉइंट ओमेगा’ या कादंबरीची सुरुवात, हे बघत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या एका माणसापासून होते. मला ही कल्पना प्रत्यक्षाइतकीच कागदावरही पटते, कारण ती व्हायोलिनं काढून घेते. तीन सेकंदांच्या मीमला चाळीस मिनिटं ताणलं की ते पुन्हा एका बाईचं शरीर होतं.

हिचकॉकला शॉवरच्या प्रसंगात संगीत नकोच होतं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. हरमनने तरीही लिहिलं, वाजवून दाखवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. सबंध सिनेमाला फक्त तंतुवाद्यं, दुसरं एक वाद्य नाही. त्या संगीताचा परिणाम वादातीत आहे. पण सात दिवस खपून, अठ्ठ्याहत्तर कॅमेरा-जागांवरून टिपलेला प्रसंग डार्लाच्या मागे वाजू शकतो तो त्या आवाजामुळेच. चित्रापासून सुटा होणारा भाग तेवढाच होता, आणि सुटं होतं तेच प्रवास करतं.

सुटं होऊन सगळ्यात लांब गेला तो मात्र शब्द. मराठीत ‘सायको’ आता इतका रुळलाय की त्याला सिनेमाची आठवणही नाही. एक्स सायको असते, बॉस सायको असतो, रात्री दोनला कोड पुश करणारा मित्र सायको असतो. अनुराग कश्यपचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) परदेशी महोत्सवात गेला तेव्हा त्याचं नाव ‘सायको रमन’ झालं. साठच्या दशकात मुंबईच्या फुटपाथवर झालेल्या खुनांवरून सुचलेली गोष्ट जगाला एका शब्दात सांगायला हाच शब्द हाताशी होता. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. सायकोपॅथ म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाशी देणंघेणं नसलेला माणूस. सायकोसिस म्हणजे भास होणं, भ्रम होणं, वास्तवाशी धागा तुटणं, आणि तो ज्यांना होतो त्यातले बहुसंख्य कुणालाही इजा करत नाहीत. उलट इतरांकडूनच त्यांना इजा होण्याची शक्यता जास्त असते.

आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की तो महिनाभर का दिसला नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत, आता बरं वाटतंय. चार जणांनी काळजी घे म्हटलं. पाचव्याने पडद्यामागून सुरा उगारलेल्या हाताचा जीआयएफ टाकला आणि त्यावर नऊ हसऱ्या इमोजी आल्या. तो मुलगा ग्रुपमध्ये अजून आहे, लिहीत काही नाही. त्या जीआयएफमागे दुष्टावा नसणार. पण साठ वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाने उपचार घेणारा माणूस आणि सुरा यांच्यात बांधलेला पूल इतका पक्का आहे की तो ओलांडताना कुणाला विचारच करावा लागत नाही.

सिनेमाचा दोष इथे किती? आहे, थोडा. शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन मिनिटामागून मिनिटं नॉर्मनच्या मनाची चिरफाड करतो. हा प्रसंग बहुतेक समीक्षकांना ठिगळासारखा वाटतो, मलाही. तरी त्यात एक बारीक गोष्ट आहे. नॉर्मन बायकी कपडे घालतो म्हणून त्याला एका ठरावीक खोक्यात टाकायला बघणाऱ्या माणसाला हा डॉक्टर तिथल्या तिथे ‘तसं नाही’ म्हणून तोडतो. पुढच्या सिनेमांनी, ‘ड्रेस्ड टु किल’ (१९८०) त्यात ठळक, डॉक्टरचं भाषण विसरून फक्त बायकी कपड्यातला खुनी ठेवला. पुन्हा तेच कॉम्प्रेशन, आणि या वेळी उणीव ज्यांना जाणवली त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘बेट्स मोटेल’ ही मालिका (२०१३ ते २०१७) मला म्हणूनच आदराने घ्यावीशी वाटते. नॉर्मन आणि त्याची आई यांची आधीची गोष्ट आजच्या काळात आणून ती पाच सीझन सांगते, म्हणजे जे सिनेमात डॉक्टर घाईघाईने उरकतो ते सावकाश जगून दाखवते. पाचव्या सीझनमध्ये मॅरियन येते, भूमिकेत रिहाना. ती शॉवरखाली उभी राहते. आपण सगळे पडद्याकडे बघत थांबतो. काहीही होत नाही. ती अंग पुसून बाहेर येते, आणि पुढे मोटेल सोडून जिवंत निघून जाते. शॉवरमध्ये मरतो तो सॅम लूमिस, तिला फसवणारा. आपल्या पाठ झालेल्या थंबनेलचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, मॅरियनला ‘कुणीतरी बाई’ पासून पुन्हा मॅरियन केलं.

आता ज्या भागाचं मीम होऊच शकत नाही त्याकडे येतो. खून झाल्यावर नॉर्मन धावत येतो, हादरतो, आणि मग साफसफाई करतो. बादली, मॉप, टॉवेल. बेसिनमध्ये हात धुतो, टब पुसतो, मृतदेह शॉवरच्याच पडद्यात गुंडाळून डिकीत ठेवतो. खोलीत राहिलेलं वर्तमानपत्र शेवटी उचलून तेही गाडीत फेकतो. त्याच्या घडीत चाळीस हजार डॉलर आहेत, त्याला पत्ताच नाही. कितीतरी मिनिटं कुणी बोलत नाही. मग तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता अर्ध्यात थांबते. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. आणि आपण, ज्यांनी आत्ताच मॅरियनला मरताना पाहिलंय, मनातल्या मनात म्हणतो, जा ना बाई खाली. ती बुडते, आपला श्वास सुटतो. पाऊण तास जिच्याबरोबर प्रवास केला तिला आपण पाच मिनिटांत सोडून दिलं.

हे जीआयएफमध्ये येत नाही. याला मागचा पाऊण तास लागतो.

पण आपल्याकडे ते आलंय, आणि आपण ते घरच्यांबरोबर बसून बघितलंय. ‘दृश्यम’. २०१३चा मल्याळम मूळ जीतू जोसेफचा. २०१५चा हिंदी आपल्या निशिकांत कामतचा, ज्याने ‘डोंबिवली फास्ट’ केला होता. गोव्यातला विजय साळगावकर त्या पोराची पिवळी गाडी पाण्यात ढकलतो, आणि सबंध थिएटर मनातून त्या गाडीला ढकलत असतं. याला मी ‘सायको’चा संदर्भ म्हणणार नाही. तसा दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही आणि गरजही नाही. पण दोन सिनेमे शेजारी ठेवले की नवल वाटतं. ‘दृश्यम’चीही सुरुवात आंघोळीपासून होते. आयजीचा मुलगा विजयच्या मुलीचा आंघोळ करताना चोरून व्हिडिओ काढतो आणि तिला धमकावतो. भिंतीतल्या भोकाची जागा मोबाइलने घेतली. मग खून, मग लपवाछपवी, मग बुडणारी गाडी. जवळपास सगळे तुकडे तेच.

फक्त वाटणी वेगळी. ‘दृश्यम’मध्ये चोरून बघणारा एक आणि गाडी बुडवणारा दुसरा. बघणारा पोरगा नीच, बुडवणारा बाप देवमाणूस. त्यामुळे गाडी बुडावी असं वाटण्यात आपल्याला काही टोचत नाही, उलट अभिमान वाटतो. दोन ऑक्टोबरचे जोक अजून चालतात ते त्या अभिमानावर. ‘सायको’त भोकाला डोळा लावणारा आणि गाडी बुडवणारा एकच माणूस आहे. आपण त्याच्या डोळ्याने मॅरियनला बघितलं, मग त्याच्याच बाजूने तिला बुडवलं. कामतचा सिनेमा मला आवडतो, दोनदा पाहिलाय, पुन्हा लागला तर पुन्हा बघेन. पण तो मला कुठेही पकडत नाही.

‘सायको’ पुन्हा लावला तर एक जागा चुकवू नका. मॅरियनची बहीण लायला आणि सॅम, दोघं नवराबायको असल्याचं भासवून मोटेलमध्ये खोली घेतात आणि मॅरियनची खोली तपासतात. नॉर्मनने सगळं लख्ख पुसलेलं असतं, तो कामाला चोख आहे. लायला बाथरूममध्ये जाते आणि टॉयलेटच्या भांड्यात तिला कागदाचा एक कपटा चिकटलेला दिसतो, फ्लश न झालेला. त्यावर चाळीस हजार लिहिलेलं असतं, आणि त्याच्यापुढे केलेला हिशोब.